बायोफिल्टरचा गाळ गटारात सोडू नका, प्लीज

सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सांभाळणाऱ्यांना आणि कमिटीवाल्यांना हात जोडून सांगतोय, बायोफिल्टर (बॅक्टेरियांकडून पाणी साफ करून घेणारी टाकी) बॅकवॉश केल्यावर, म्हणजे उलट्या पाण्याने धुतल्यावर, जो चॉकलेटी गाळ निघतो तो सगळाच्या सगळा सोडून देऊ नका. पाण्यातला अमोनिया घालवणारे बॅक्टेरिया त्याच गाळात असतात.

काम दोन टप्प्यांत होतं, नायट्रोसोमोनाससारखे अमोनियमचं (पाण्यात अमोनिया बहुतेक याच रूपात असतो) नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. (नायट्रेटही काढायचं तर पुढे बिनहवेची टाकी लागते, तो वेगळा विषय.) पण ही मंडळी जाम हळू वाढतात, बाकीची घाण खाणारे काही तासांत दुप्पट होतात, यांना सगळं मनासारखं मिळालं तरी साधारण दिवस लागतो, म्हणून मीडियाला (फिल्टरमध्ये भरलेले खडे किंवा प्लास्टिकचे तुकडे) चिकटून राहिले तर टिकले, नाहीतर पाण्याबरोबर गेले. मुंबईत पाणी बारा महिने कोमट असतं, ही आपली जमेची बाजू.

हवा मात्र भरपूर लागते. १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला जवळपास ४.६ ग्रॅम ऑक्सिजन, वर सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच धरून ठेवणारे क्षार) खर्च होते, म्हणजे पीएच घसरायला लागला की खायचा सोडा टाकावा लागतो. आणि इथेच बहुतेक ठिकाणी घोळ होतो. पवईकडच्या एका टॉवरमध्ये लाइट बिल वाचवायला, शिवाय पहिल्या मजल्यावरच्यांना आवाजाचा त्रास म्हणून, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) रात्रभर बंद. सकाळी मीडिया काळपट, सडक्या अंड्याचा वास, सॅम्पलमध्ये नेसलरचे (अमोनिया तपासायच्या रसायनाचे) थेंब टाकले तर पाणी लगेच गर्द पिवळं. मग क्लोरीन वाढवायचं, ते आधी अमोनियाशीच रिअ‍ॅक्ट होऊन संपतं, आणि फ्लशच्या पाण्याचा वास काही जात नाही. एवढं करून मीडिया ब्लीचिंग पावडरने धुतात! मला खरंच वाईट वाटतं, कारण उरलेसुरले बॅक्टेरियाही त्यातच मरतात. धुवायचं तर प्लांटच्याच पाण्याने, क्लोरीन टाकायच्या आधीच्या.

आणि हे पाणी शेवटी जातं कुठे, मिठी नदीत, माहीमच्या खाडीत, ठाण्याच्या खाडीत, जी २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पाणी गरम आणि पीएच जास्त असला की अमोनियमचा बराच भाग साधा अमोनिया होतो, आणि तो माशांना विष आहे.

नवीन प्लांट चालू करताना आपल्याकडे सर्रास शेण कालवून टाकतात. बीओडी (पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप) उतरतो त्याने, पण शेणातले बॅक्टेरिया मुख्यतः बिनहवेत वाढलेले, अमोनिया आहे तिथेच राहतो. त्यापेक्षा चांगल्या चालणाऱ्या प्लांटचा बॅकवॉशचा गाळ मागून आणा. तपकिरी, ओल्या मातीसारखा वास येणारा घ्या, काळा असेल तर नको. कॅन गच्च भरू नका, झाकण सैल ठेवा, आणि आणल्या दिवशीच ब्लोअर चालू करून टाकीत ओता. सुरुवातीला सांडपाणी थोडं थोडंच सोडा आणि अमोनिया रोज चेक करा, तो खाली यायला लागला की मगच फ्लो वाढवा.