माजी विद्यार्थिनींचा मेळावा आणि एक मनोगत

साताऱ्यातील आमच्या कन्याशाळेच्या माजी विद्यार्थिनी मंडळाचा स्नेहमेळावा दरवर्षी ३ जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी भरतो. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली त्याच दिवशी, आपल्याच जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातल्या नायगावी झाला, म्हणून मंडळाच्या पहिल्या कार्यकारिणीने ही वेळ धरली आणि पुढे ती कोणी बदलली नाही. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, जमाखर्चाचे वाचन आणि त्याला एकमुखाने मंजुरी हे सारे रीतीप्रमाणे पार पडते.

त्यानंतर सध्याच्या विद्यार्थिनींपैकी एकीचे भाषण असते. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या आणि साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, हे आठवीतली मुलगी अशा ठसक्यात सांगते की जणू दोघी तिच्याच वर्गात बसत होत्या. त्या आमच्या शाळेच्या नव्हेत. तरीही सर्वांत जोरात टाळ्या पडतात त्या आजी झालेल्या विद्यार्थिनींच्या रांगांतून.

माझा जीव मात्र गुंतलेला असतो तो ‘मनोगत’ या सदरात. नाव मिळवलेल्या माजी विद्यार्थिनीने येथे आपल्या पदाविषयी बोलू नये, आपल्याला शाळेत टिकवून धरणाऱ्या माणसाविषयी बोलावे, असा आमच्याकडे अलिखित दंडक आहे. न्यायाधीश झालेल्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या, गावचे सरपंचपद सांभाळणाऱ्या अशा कितीतरी जणी येथे बोलून गेल्या आणि प्रत्येकीचा मला अभिमान आहे. तरी पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एका ताईंचे मनोगत कितीदाही ऐकले तरी माझे डोळे भरून येतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात त्यांचे राहते घर पडले आणि थोड्याच दिवसांत मामांनी त्यांना साताऱ्यास आणले. शाळेचे वर्ष निम्म्यावर आलेले, शाळा सोडल्याचा दाखला हाती नाही, अंगात मामेबहिणीचे परकर-पोलके. त्या वेळच्या मुख्याध्यापिका बाईंनी दाखल्याचा विषयच काढला नाही. त्यांनी ताईंच्या हाती खडू दिला, फळ्यावर त्रैराशिकाचे एक उदाहरण सोडवून घेतले आणि उत्तर बरोबर येताच हजेरीपटात शेवटच्या नावाखाली लाल शाईने त्यांचे नाव घातले. वह्या-पुस्तकांचे पैसेही बाईंनीच दिले, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळले. खात्यात असताना भल्याभल्या कंत्राटदारांना दबकून न राहणाऱ्या ताईंचा आवाज त्या लाल शाईपाशी आला की अजूनही कापतो.

म्हणूनच एक गोष्ट मला लागून राहिली आहे. म्हसवड आणि दहिवडीहून पहिल्या एसटीने निघालेल्या मैत्रिणी उद्घाटनापूर्वी येऊन बसतात. आणि शनिवार पेठेत, सदर बझारात राहणाऱ्या, ज्यांना यायला रिक्षाही लागत नाही, त्यांच्यापैकी अनेकजणी नेमक्या जेवणाच्या वेळी उगवतात. गेल्या मेळाव्यात ताई बोलत होत्या तेव्हा मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पंगतीत मात्र पाने कमी पडली. हे मी बैठकीत बोलले आहे आणि येथेही लिहीत आहे.

आता आभार. कोणी राहू नये म्हणून यादी समोर घेऊनच बसले आहे. आदल्या रात्री उशिरापर्यंत खुर्च्या मांडणारे शिपाईमामा आणि त्यांचा मुलगा. दारापासून व्यासपीठापर्यंत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या चित्रकलेच्या बाई व त्यांच्या नववीतल्या मुली. पहाटे पोह्यांसाठी कांदे चिरणाऱ्या आणि दुपारी मसालेभाताच्या पातेल्याजवळून न हललेल्या तिन्ही मावश्या. वीज गेली तेव्हा माईक बंद पडू न देणारे ध्वनिक्षेपकवाले दादा. कंदी पेढे दरवर्षी घरचे कार्य समजून पाठवणारे मिठाईवाले काका. जुने पत्ते शोधून पत्रे पोस्टात टाकणाऱ्या ग्रंथपाल बाई. चपला सांभाळणाऱ्या स्काउट-गाइडच्या मुली. आणि ताईंच्या गुडघ्यांचे दुखणे कळताच व्यासपीठाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा लावून देणारे, मजुरीचे पाकीट दोनदा परत पाठवलेले वेल्डरभाऊ.