धुळ्याचं दुले

कार्यालयातल्या जुन्या संगणकाच्या कीबोर्डवरची शिफ्टची कळ आजारी पडली की सगळ्यात आधी धुळ्याचं दुले होतं. मग भुसावळचं बुसावल, जळगावचं जलगाव, शहाद्याचं सहादा. इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही. त्या मांडणीत द-ध, ब-भ, ल-ळ, स-श या जोड्या एकेका कळीवर राहतात आणि जोडीतला दुसरा भाऊ शिफ्टशिवाय घराबाहेर पडत नाही. म आणि ण यांचंही तसंच, म्हणून धरणगावचं थेट दरमगाव होतं. रावेर, यावल, नवापूर ही तेवढी नशीबवान गावं. त्यांच्या नावात शिफ्टचं कामच नाही.

हसू येतं खरं, पण ही कळ बसते कशी ते बघण्यासारखं आहे. ती लांब असते. एका टोकाला दाबली तरी सरळ खाली जावी म्हणून तिच्या पोटाशी एक बारीक तार अडकवलेली असते, आणि खाली रबराची इवलीशी वाटी. वाटी दबली की खालच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांवरचे पट्टे एकमेकांना भिडतात. सातआठ वर्षांत रबर ताठरतं, तार खाचेतून निसटते, फटीत चहाची साखर आणि धूळ यांचं लुकण तयार होतं. मग माणूस आधी दाबतो, मग जोरात दाबतो, मग ठोकतो. दिवसातून हजारदा हे काम कोणाच्या वाट्याला येतं? करंगळीच्या. संध्याकाळी करंगळीपासून कोपरापर्यंत एक रेघ दुखते आणि घरी सांगितलं जातं की पिशवी उचलताना लचकलं असेल.

उपाय दहा मिनिटांचा आहे. कीबोर्डची वायर काढा, तो उलटा करून हलकेच झटका, कळ चपट्या पेचकसाने एका बाजूने उचला, तारेची दोन्ही टोकं खाचांत परत बसवा, पिळून काढलेल्या फडक्याने पुसा. वाटीच फाटली असेल तर नवा कीबोर्ड चारपाचशे रुपयांत येतो. त्यासाठी मागणीपत्र आणि दरपत्रकं जमेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यात करंगळी आपली सेवा बजावतच असते.

दुसरं दुखणं डोळ्यांचं, आणि तेही देवनागरीला जरा जास्तच छळणारं. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी वाचता येतं. आपल्याकडे घ की ध, भ की म, अनुस्वार आहे की स्क्रीनवरचा माशीचा ठिपका, हे ठरवायला मान पुढे काढावी लागते. सातबाऱ्यावरचं नाव असेल तर तो ठिपका पुढे कोणालातरी तहसीलच्या चार फेऱ्या घालायला लावतो, त्यामुळे चांगला कर्मचारी मान पुढे काढतोच. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान ३० अंश वाकली की मानेवर पडणारा भार १८ किलोच्या आसपास जातो. म्हणजे जवळजवळ केळीची भरलेली क्रेट मानेवर ठेवून नोंदी तपासायच्या.

पुसटपणाचं खापर वयावर फुटतं. बऱ्याचदा दोष सेटिंगमध्ये असतो. विंडोज नव्याने टाकताना डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन नीट चालवणारा छोटा प्रोग्राम, राहून जातो, मग रुंद मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ चं चित्र ताणून बसवलं जातं आणि शून्य लंबगोल दिसू लागतो. कधी कोणीतरी अक्षर मोठं दिसावं म्हणून मुद्दामच रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, उतरवलेलं असतं. हे म्हणजे सदरा तंग होतो म्हणून उसवून घालण्यासारखं. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन, जुन्या छोट्या रुंद मॉनिटरवर ते बहुधा १३६६ बाय ७६८ असतं, तेच ठेवावं आणि अक्षरं स्केलिंगने १२५ टक्के करावीत. निळ्या डोक्याची १५ पिनांची केबल असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत आणि मॉनिटरवरचं ऑटोचं बटण एकदा दाबावं. स्क्रीन गुलाबी किंवा पिवळी दिसत असेल तर बहुधा त्यातली एखादी पिन वाकलेली असते किंवा केबल गेलेली असते. डोळ्यांना ड्रॉप्स घालण्याआधी हे बघून घ्यावं.

‘स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत घ्या’ हा सल्ला ऐकून लोक मॉनिटरखाली कागदाची रिमं रचतात. तरुण माणसाला ते ठीक. पण दुभागी चष्मा लावणाऱ्या भाऊसाहेबांची त्यात फजिती होते. त्यांची जवळची काच खाली असते, म्हणून स्क्रीन जितकी वर तितकी हनुवटी वर, आणि मान मागे दुमडून दिवस काढायचा. त्यांच्यासाठी रिमं काढून स्क्रीन उलट खाली आणावी आणि किंचित मागे कलवावी. वाचायच्या चष्म्याचा नंबर साधारण दीड फुटाच्या आतला असतो, स्क्रीन असते दोन फुटांवर. चष्मेवाल्याला हे अंतर सांगून वेगळा चष्मा करून घेतला तर पुष्कळ डोकेदुख्या बंद होतात. राहिलं पापण्यांचं. एरवी मिनिटाला पंधरावीस वेळा लवणारी पापणी स्क्रीनपुढे अर्ध्याहून कमी वेळा लवते. वर पंखा, बाहेर वैशाखाचा कोरडा वारा. डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होतं ते त्यामुळे.

आता उन्हाळ्याकडे येऊ, कारण खानदेशात जुन्या संगणकाची खरी परीक्षा मे महिन्यात असते. सकाळी साडेदहाला बरा चालणारा डबा दुपारी तीनला चिखलातल्या बैलगाडीसारखा होतो. सगळे म्हणतात, सर्व्हर डाऊन. कधी असतोही. पण प्रोसेसरवरचा पंखा खोलीतली हवाच त्याच्या अंगावर फिरवतो, खोलीपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? बाहेर ४४ अंश, टेबलाखाली कोपऱ्यात कोंडलेली हवा, त्यात प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खपली झालेली. तापमान शंभरीकडे सरकलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. यंत्राला एवढी अक्कल असते. माणूस मात्र त्याच खोलीत त्याच वेगाने काम करत राहावा अशी अपेक्षा असते.

त्यात कापूस. जिनिंगच्या आसपासच्या कार्यालयांत हिवाळाभर हवेत तंतू तरंगतात, ते पंख्याच्या पाठीमागच्या जाळीत जाऊन बसतात. मग उन्हाळ्यात कूलर लागतो. कूलरची ओली हवा त्या तंतूंवर पडते आणि धुळीसकट त्याची गादी तयार होते, अगदी घोंगडीसारखी. म्हणून कूलरच्या झोतात संगणक ठेवू नये आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. खिडकी बंद केली की खोलीत दमटपणा साचतो, कूलर गार करेनासा होतो आणि रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या स्मृतीच्या, पट्ट्यांवर हिरवट पापुद्रा धरतो. संगणक सुरू होताना नुसता बीप बीप करत असेल तर ती पट्टी काढून तिचा सोनेरी काठ खोडरबराने पुसून परत बसवून बघावी. शाळेच्या कंपासपेटीतली वस्तू इथे दुरुस्तीवाल्याची फी वाचवते.

वेगाचं गणित एकदा मांडून बघावं. दिवसाला शंभर नोंदी, प्रत्येक नोंदीमागे पंधरा सेकंद फिरणारं चक्र. पंचवीस मिनिटं झाली. वर्षाचे २५० दिवस धरले तर १०४ तास, म्हणजे आठ तासांचे तेरा दिवस. या तेरा दिवसांत विश्रांती मिळते असंही नाही. हात माउसवर, खांदे वर, श्वास अर्धा. चक्र कधी थांबेल ते माहीत नसतं, म्हणून दुसरं काही हाती घेता येत नाही. वैतागून पुन्हा क्लिक केलं की दोन पावत्या निघतात. आणि काउंटरपलीकडे उभा असलेला शेतकरी विचारतो, “काय व्हयनं भाऊ?” त्याला चक्र दिसत नाही, समोरचा माणूस दिसतो. क्लार्कच्या जागेसाठी मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस या डब्यावर दहा-बारा शब्दांवर येतो, आणि यंत्राचा हळूपणा त्याच्या नावावर जमा होतो. साहेब म्हणतात, काम रेंगाळतं. पाचसहा वर्षांनी तो स्वतःही तसंच म्हणू लागतो.

डिस्कचा दिवा सतत जळत असेल तर दोष बहुधा दोन ठिकाणी: रॅम चार जीबी आणि फिरती हार्ड डिस्क. रॅम आठ करून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपांची डिस्क, बसवली की पाच मिनिटांत उघडणारं यंत्र अर्ध्या मिनिटात उघडतं. विंडोज १० ला कंपनीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, हे खरं. पण सगळं नवीन येईपर्यंत आहे तेच कुथत चालवायचं, हे काही त्यातून निघत नाही.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, तेव्हा कार्यालयात एक ठरलेला उपाय सांगितला जातो: चप्पल घालून बसा. अर्थिंग तुटलं आहे, हा त्याचा अर्थ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं. इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजला की तो दोनतीन व्होल्टच्या आत यायला हवा. तीन पिनांच्या प्लगची मधली जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवणाऱ्याला तर चप्पलही वाचवणार नाही.

रोज सकाळी तारीख मागे गेलेली असेल आणि पोर्टल उघडतच नसेल, तर नेटवाल्याला फोन करू नये. आतला नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या कार्यालयात तो लवकर संपतो. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

साफसफाईला खानदेशात दोन मुहूर्त सोयीचे: होळी, म्हणजे उन्हाळ्याआधी, आणि खंडेनवमी, म्हणजे कापूस सुरू होण्याआधी. वायर काढून पॉवरचं बटण दहापंधरा सेकंद दाबून धरायचं, डबा व्हरांड्यात न्यायचा, पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून मगच ब्लोअर मारायचा. नाहीतर वाऱ्याने पंखा गरगरा फिरून त्याचं बेअरिंग जातं. पेस्ट पुसून नवी लावायची ती हरभऱ्याच्या डाळीएवढी, थापायची नाही. खंडेनवमीला प्रत्यक्षात होतं ते असं, की कॅबिनेट बाहेरून ओल्या फडक्याने लख्ख पुसलं जातं, मॉनिटरला कुंकवाचं बोट लागतं आणि झेंडूचा हार बरोबर पुढच्या जाळीवर येतो. त्यातली एखादी पाकळी आत ओढली जाते आणि पंख्याला चिकटते. मग दिवाळीपर्यंत डबा टर्रर्र करत राहतो, आणि सगळ्यांचं एकमत होतं की व्हायरस आलाय.