बटेसरला जाताय? ‘बीहडचे जादा’ देऊ नका

ग्वाल्हेरहून मितावली, पढावली, बटेसरची जुनी देवळं करणार असाल तर टॅक्सीवाल्याला ‘बीहडचे जादा’ म्हणून एक पैसाही देऊ नका. बीहड म्हणजे चंबळकडचा मातीच्या घळींचा मुलूख, एकेकाळी डाकूंचा. आमच्याकडून स्टँडवरच्या एकाने "इलाका डेंजर है दीदी" म्हणत जवळजवळ दुप्पट भाडं उकळलं, शिवाय डाकूंचा अड्डा दाखवायचे वेगळे. अड्डा म्हणजे मातीची घळ आणि तीत चरणाऱ्या शेळ्या! ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारी मावशी ऐकून भडकलीच. "अगं, जौऱ्याला जेपींपुढे बागींनी बंदुका ठेवल्या तेव्हा मी शाळेत होते." म्हणजे १९७२; जेपी म्हणजे जयप्रकाश नारायण आणि बागी म्हणजे इथले डाकू. बटेसरच्या आसपास वावरणारा डाकू निर्भय गुर्जरसुद्धा २००५ मध्ये चकमकीत मारला गेला.

भीती विकून पैसे कमावतोय टॅक्सीवाला. ज्यांनी ती सोसली त्यांच्या हाती काय आलं, ते पढावलीच्या चहाच्या टपरीवर एका बाबांनी सांगितलं. त्यांच्या चुलत्याची ‘पकड’ झाली, म्हणजे खंडणीसाठी उचलून नेलं. सोडवायला सरसूची, म्हणजे मोहरीची, चांगली जमीन विकली. बीहडाच्या कडेची शेतं पडीकच राहायची, कारण रात्री पाणी द्यायला जाणार कोण? पैसेवाल्यांनी मुरैना-ग्वाल्हेरला घरं केली आणि जमिनी बटाईने दिल्या. मागे राहिलेल्यांनी बागींना रोट्या घातल्या की पोलिसांचा मार, नाही घातल्या की बागींचा. आता पोरं खाणीवर जातात, म्हणाले, आणि चहात बिस्किट बुडवत गप्प झाले.

खाणींचं खरंच आहे. बटेसरची पडलेली देवळं पुन्हा उभी करणारे पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनीच सांगितलंय की डाकूंच्या धाकाने खाणवाले लांब होते, डाकू गेले आणि सुरुंग सुरू झाले. देवळांबद्दल मी लिहीत नाही, फोटो ढिगाने मिळतील. ग्वाल्हेरचा किल्लाही छान, पुढे.

अंतर चाळीसेक किलोमीटर, पण रिठोऱ्यानंतर दगडाचे डंपर आणि धूळ यांनी जीव नको केला. काच खाली केली तर दातांत रेती. बीहडात भ्यायचंच असेल तर या डंपरांना भ्या! छोटी गाडी नेऊ नका. शनिवारी तर नाहीच, जवळच्या ऐंतीच्या शनिमंदिराची गर्दी रस्ताभर असते. मितावलीच्या पायऱ्या उन्हाआधी चढा आणि पाणी ग्वाल्हेरहूनच न्या. भाडं येण्याजाण्याचं, थांबण्यासकट, निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.