आत्याचा कर्सर उडायचा त्याची गोष्ट

आत्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं आणि आठवड्यात फोन, "अरे टचपॅड बिघडलाय, नवीन बसवून आण." मी म्हटलं आत्या थांब, आधी बघू दे. ती सासऱ्यांच्या डायऱ्या टाइप करतेय, इंदूरच्या मिलमध्ये होते ते, आणि व्हायचं काय की १९६२च्या पानावरचं वाक्य अर्धं टाइप झालं की कर्सर टुणकन उडून १९५८च्या मजकुरात, आणि पुढचे शब्द तिथे. तिला कळायचं दोन ओळी झाल्यावर. असलं काम परत शोधून दुरुस्त करणं म्हणजे जीव जातो.

रविवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन तिच्याकडे गेलो. लिनक्समध्ये कीबोर्ड, माउस, टचपॅडच्या हालचाली वाचायचं काम लिबइनपुट करतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या हालचाली ओळीओळीने दाखवणारी 'सुडो लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स' ही कमांड चालवली (उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर त्याला लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज लागतं, आणि कमांड अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायची) आणि तिला म्हटलं तू लिही नेहमीसारखं. ती लिहीत होती आणि स्क्रीनवर कीबोर्डच्या ओळींच्या मधेमधे टचपॅडच्या ओळी येत होत्या. म्हणजे टचपॅड ठणठणीत, तिचं मनगट लागत होतं.

आता लिबइनपुटमध्ये यावर उपाय आधीपासूनच आहे, टाइप करताना टचपॅड थोडा वेळ बंद राहतो. मग इथे का नाही? तिच्या लॅपटॉपची दोन-तीन बटणं गेलीयेत म्हणून तिने यूएसबी कीबोर्ड घेतलाय आणि तो लॅपटॉपच्याच कीबोर्डवर आडवा ठेवते, मनगटं सरळ टचपॅडवर! आणि लिबइनपुट अशा वेळी फक्त लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डकडे बघतं, बाहेरचा कीबोर्ड टेबलावर दूर असणार असं धरून चालतं, जे बहुतेकांसाठी बरोबरच आहे.

उपाय म्हणजे ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या लिबइनपुट फोल्डरमध्ये 'लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स' नावाची छोटी फाइल, तीत त्या कीबोर्डचं नाव (ते 'लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस'मध्ये दिसतं) आणि 'अॅट्रकीबोर्डइंटिग्रेशन'ची किंमत 'इंटर्नल', म्हणजे हा कीबोर्ड लॅपटॉपच्या आतलाच समज. लॉगआउट करून परत लॉगिन. झालं. मात्र एखाद्या उपकरणासाठी अपवाद सांगायची ही क्वर्क्सवाली सोय पुढच्या आवृत्तीत बदलू शकते हे बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, म्हणून फाइल कुठे ठेवलीये ते मी तिच्या वहीत लिहून आलो.

तेव्हापासून घरातले सगळेच विचारतायत. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, टॅप केलं तर क्लिक का होत नाही. ज्या टचपॅडला बटणं आहेत तिथे लिबइनपुट ते मुद्दाम बंद ठेवतं, कारण ज्याला टॅप ही भानगडच माहीत नाही त्याला चुकून झालेलं क्लिक म्हणजे बिघाड वाटतो, आणि ज्याला माहीत आहे तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करतोच. मला हे पटतं.

राइट क्लिकचं तसंच. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये २०१८च्या ३.२८ आवृत्तीपासून दोन बोटांनी दाबलं की राइट क्लिक होतं, कोपरा दाबून नाही, पण कोपराच हवा असेल तर बदलता येतं. बहिणीच्या मुलाने विचारलं की माउसच्या चाकाचा स्क्रोल स्पीड लिबइनपुटमध्ये कुठे आहे. तो तिथे नाहीच रे. ते फक्त चाक किती फिरलं एवढं सांगतं, ओळी किती सरकवायच्या ते वरचा डेस्कटॉप नाहीतर अॅप ठरवतं. बोट उचलल्यावर पान पुढे सरकत राहतं तेही वरच ठरतं. आणि वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची लिनक्सची नवी पद्धत) असल्या नेहमीच्या सेटिंगसाठी कॉन्फिग फाइल शोधत बसू नका, लिबइनपुट ही लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, तिची सेटिंग ग्नोम किंवा केडीई जो डेस्कटॉप असेल त्याच्या हातात.

काल आत्याचा परत फोन. कर्सर आता जागेवर असतो, पण लिहून थांबल्यावर टेकलेलं बोट हलवलं तर काहीच होत नाही म्हणाली. तेही तसंच बनवलंय गं, टाइप करताना जे बोट टेकलं ते धरलंच जात नाही, एकदा उचलून परत ठेव. फोनवरच करून बघितलं तिने, "हो रे, चाललं," आणि लगेच मला १९६३चं पहिलं पान वाचून दाखवायला लागली.