लाल आलवण आणि अध्यक्षांचं टेबल

आमच्या बडोद्याच्या मंडळाचं स्नेहसंमेलन डिसेंबरात होतं. दीपप्रज्वलन, अहवाल, हिशेबाला मंजुरी हे दरवर्षीचंच. तेवढ्या वेळात मी मागे लिलो चिवड्याच्या पुड्या बांधून घेते. माझा जीव अडकलेला असतो बाईंच्या अर्ध्या तासात.

बाई म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा विषय ठरलेला: नाटकवाल्या विजया मेहता. 'आता दुसरं काही घ्या' असं कार्यकारिणीत दोनदा निघालं. "गावची लेक आहे, बदलू कशी?" एवढंच बाई म्हणाल्या. 4 नोव्हेंबर 1934ला विजयाबाई बडोद्यात जन्मल्या, माहेरच्या जयवंत. हे वाक्य आलं की कुणीतरी "आमच्याच पोळात!" (म्हणजे गल्लीत) म्हणतं. दर वर्षी पोळ वेगळी.

नाट्यदिग्दर्शक अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्या हाताखालचे धडे, 1960 साली तेंडुलकर, लागू, अरविंद देशपांडे यांच्या साथीने उभी राहिलेली 'रंगायन' ही नाट्यसंस्था, 1987ची पद्मश्री, सगळं भराभर होतं. 'संध्याछाया' नाटकातल्या नानीपाशी बाई जरा रेंगाळतात. समोर निम्म्या खुर्च्यांत तसलेच नाना-नानी असतात, मुलं न्यू जर्सीला नाहीतर टोरांटोला. मग बाई चष्मा काढून माझ्या हातात देतात.

आता मावशी. जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मधली, केशवपन केलेली. विजयाबाईंनी नाटक बसवलं आणि मावशीही केली. पुढे त्यावरच्या 'रावसाहेब' सिनेमात त्याच भूमिकेला सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. बाई नक्कल करत नाहीत. लाल आलवण, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेचं लुगडं, डोक्यावरून घेतात, मनगटाच्या मागच्या बाजूने कानामागे सारतात आणि नुसत्या बसतात. माझ्या वडिलांची आत्या दांडिया बाजारच्या घरात, मागच्या खोलीत, अशीच बसायची. तीही मनगटानेच पदर सारायची, हात सदा पिठाचे म्हणून. बाईंनी तिला कधी पाहिलेलं नाही. मी दर वर्षी पुड्या तशाच टाकून विंगेत उभी राहते.

हे बघायला तरुण मंडळी नसतात, ते बोलतेच. साडेआठला, पुऱ्या तळल्याचा वास रस्त्यापर्यंत गेला की बरोबर उगवतात.

राबणारे मात्र वेगळेच. माईकवाले भाई (शिट्टी वाजते ती मंडळाच्या जुन्या वायरमुळे, त्यांचा दोष नाही), खुर्च्या लावणारी व्यायामशाळेची मुलं, रांगोळीच्या दोघी बहिणी, पडदा ओढणारा शेजारचा गुजराती मुलगा, ज्याला आता मावशी पाठ आहे, चपला राखणारे काका, बाईंना घरी सोडणारे रिक्षावाले. आणि पिंप भरणाऱ्या ताई. एकदा आभारात त्यांचं राहिलं, तर संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आल्या नाहीत.

एका वर्षी आलवण मीच घरी विसरले. बाई चष्मा काढून उभ्या, हात पुढे केलेला. मी सरळ स्टेजवर गेले, अध्यक्षांपुढचा तांब्या आणि पुष्पगुच्छ त्यांच्या मांडीवर ठेवला आणि टेबलावरचं लाल कापड ओढून आणलं. त्यावर चहाचा ताजा डाग होता. बाईंनी डाग आतल्या बाजूला घेतला, मनगटाने कापड कानामागे सारलं आणि बसल्या. अध्यक्षांनी तांब्या शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.