मंद आच परत आली: देवळालीच्या जुन्या इलेक्ट्रिक रेंजचं काम कुठवर आलं

मंडळी, मागच्या डाव्या शेगडीची पाचही बटणं आता लागतात. हाय, मीडियम-हाय, मीडियम, लो, वॉर्म, आणि प्रत्येक बटणाला आपापला रंगीत दिवा. शेवटची दोन बटणं या रेंजने भारतात कधी चालवलीच नव्हती, त्यामुळे आजचा बहुतेक मजकूर त्या दोन बटणांबद्दल आहे. इनॅमल, क्रोम वगैरे मंडळींनी शेवटाकडे उडी मारली तरी चालेल.

ज्यांना यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही जनरल इलेक्ट्रिकची १९५०च्या दशकातली पुशबटन रेंज. वर कॉइलच्या चार शेगड्या, खाली ओव्हन, मागच्या उभ्या पॅनलवर घड्याळ, बटणांच्या रांगा आणि चपट्या पिनांचा एक अमेरिकन सॉकेट. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून ती माझ्याकडे आली. त्या घरातले आजोबा अमेरिकेतून परतताना ती बोटीने घेऊन आले होते. पुढे कितीतरी वर्षं ती पडवीत पोत्याखाली पडून होती, कारण घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे "शॉक मारते".

शॉक मारायचीच. मागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि कारण समोर आलं. अमेरिकेत घरात दोन गरम तारा (म्हणजे वीज असलेल्या, आपल्या फेजसारख्या) आणि मधला न्यूट्रल येतो. त्या काळच्या हिशेबाने दोन गरम तारांमध्ये २३६ व्होल्ट, कुठल्याही एकीपासून न्यूट्रलपर्यंत ११८. रेंजच्या नेमप्लेटवर हे दोन्ही आकडे छापलेले आहेत. आपल्याकडे जोडताना कुणीतरी एका गरम टर्मिनलला आपला फेज दिला, दुसऱ्याला आपला न्यूट्रल, आणि मधलं टर्मिनल रिकामं सोडलं. मोठी आच त्यावर उत्तम चालते, २३६ च्या जागी २३० म्हणजे पाचेक टक्के वीज कमी, एवढंच. पण त्या काळच्या अमेरिकन रेंजमध्ये मधल्या टर्मिनलपासून बॉडीला एक तांब्याची पट्टी जोडलेली असते. तिकडच्या नियमांत रेंजची बॉडी न्यूट्रलला बांधायची ही पद्धत नव्या वायरिंगसाठी १९९६ पर्यंत चालू होती. आता मधलं टर्मिनल लोंबकळतंय, पट्टी जागेवर आहे आणि बॉडीला अर्थिंग नाही, अशा अवस्थेत कुणी "लो" दाबलं की फेज कॉइलमधून मधल्या टर्मिनलवर येतो आणि तिथून थेट बॉडीवर. ओव्हनचं दार उघडलं की आतला दिवाही याच वाटेने बॉडी जिवंत करतो. पोळ्या लाटून ओल्या हाताने दार उघडणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

म्हणून कुठलीही जुनी अमेरिकन रेंज हाती आली तर सर्वात आधी ती पट्टी शोधा आणि काढा. बॉडीला स्वतंत्र, जाड अर्थिंग द्या. आणि कुणी "थ्री फेज आहे ना, दोन फेज देऊन टाकू" म्हणालं तर हात धरून थांबवा. आपल्या दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. २३६ च्या कॉइलला ते मिळाले तर ती जवळपास तिप्पट वीज खेचेल आणि जळेल.

आता आचेच्या पायऱ्या. एका शेगडीत दोन कॉइल असतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन्ही सारख्या धरू, मिळून २००० वॉट. माझ्या मोठ्या शेगडीत प्रत्येक कॉइल मल्टिमीटरवर ५५ ओहमच्या आसपास दाखवते, म्हणजे हिशेब जुळतो. दोन्ही कॉइल समांतर, पूर्ण व्होल्टेजवर: २००० वॉट. एकच कॉइल: १०००. दोन्ही एकापाठोपाठ जोडून, म्हणजे सिरीजमध्ये: ५००. इथवर मधल्या तारेची गरजच नाही, त्यामुळे ही तीन बटणं इकडे पहिल्यापासून चालत होती. पुढे एकच कॉइल ११८ व्होल्टवर: २५०. आणि दोन्ही एकापाठोपाठ ११८ वर: १२५. प्रत्येक बटणाला वीज बरोबर निम्मी होते. आत ना इलेक्ट्रॉनिक्स, ना आजच्या शेगड्यांसारखा मधूनमधून चालू-बंद होणारा स्विच. नुसत्या संपर्कांच्या जोडण्या बदलून १:१६ अशी आच मिळते, तीही अखंड. माझ्या मते या रेंजची खरी श्रीमंती ही आहे, क्रोम नव्हे. म्हणूनच खालची दोन बटणं शोभेपुरती ठेवून "रिस्टोअर झाली" म्हणायला माझं मन तयार नव्हतं.

११८ कुठून आणायचे? सगळी रेंज आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेनपासून अलग वीज देणाऱ्या) टाकायची तर आठेक किलोवॉटचं धूड स्वयंपाकघरात ठेवावं लागेल. पण पूर्ण व्होल्टेजच्या कामासाठी ट्रान्सफॉर्मर लागतच नाही, फक्त मधला बिंदू हवा. त्याला ऑटोट्रान्सफॉर्मर पुरतो: २३० ची एकच वाइंडिंग (तारेची गुंडाळी) आणि तिच्या बरोबर मध्यावर टॅप, म्हणजे बाहेर काढलेली तार, जिच्यावर निम्मे, ११५ व्होल्ट मिळतात. चारही शेगड्या एकदम "लो"वर आणि ओव्हनचा दिवा धरून ११५ वरचा भार साधारण ७५० वॉट होतो, आणि ऑटोट्रान्सफॉर्मर त्याच्या निम्म्या ताकदीचा असला तरी भागतं. मी तरीही १ केव्हीएचा करून घेतला, कारण तो पॅनलच्या मागे बंद जागेत बसणार आणि नाशिकचा एप्रिल-मे आपल्याला माहीत आहे.

वाइंडिंगवाल्या दादांना आधी पटेना. "ताई, ११० चा हवाय तर तयार मिळतो की. मधला टॅप कशाला?"

कागदावर दोन कॉइल काढून दाखवल्या. त्यांनी जोडण्या बोटाने फिरवून पाहिल्या, मग म्हणाले, "म्हणजे अर्धी ताकद इकडून, अर्धी तिकडून. बरोबर मधे काढतो, एक वेढाही इकडेतिकडे नाही." आणि तसाच दिला. रिकामा असताना दोन्ही बाजूंना ११५, भार टाकल्यावर मीटरवर फरक जाणवण्याइतकाही नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या पद्धतीत मधला बिंदू जमिनीच्या तुलनेत ११५ व्होल्टवर असतो. तो न्यूट्रल नव्हे. म्हणून पॅनलवरचा अमेरिकन सॉकेट मी मुद्दाम निर्जीव ठेवला आहे. तोंड मूळचंच, आतली तार सोडवून टोक पोर्सेलिनच्या कनेक्टरमध्ये बंद. ओव्हनच्या दिव्याची चूडीही (बल्ब पिळून बसतो ते धातूचे आटे) जिवंत असते, तेव्हा बल्ब बदलताना मेन स्विच बंद. रेंजसाठी बोर्डापासून १० चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची लाइन, ४० अँपिअरचा डबल पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे. त्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला. सगळं एकदम चालू केलं तर ३५ अँपिअरच्या पुढे जातं.

आरसीसीबी बसवल्यावर ओव्हनची खालची कॉइल लावताच तो पडायला लागला. हे अपेक्षित होतं. या नळीच्या कॉइलमध्ये मधोमध निक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. पूड वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते, पण हवेतला ओलावा शोषून घेते. पडवीत काढलेल्या पावसाळ्यांचा ओलावा तिच्यात साठला होता. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वाचन एका मेगओहमच्याही खाली. अशी कॉइल लोक भंगारात टाकतात, आणि ती बहुतेक वेळा वाचवता येते. कॉइल रेंजमधून सोडवून विटांवर ठेवली, डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवरून) अगदी थोड्या व्होल्टेजने सुरुवात केली आणि हळूहळू चढवत नेली. घाई केली तर आतली वाफ टोकाचं सील फोडते. पहिल्या तापण्यात मेगरचा काटा आणखी खाली आला, कारण ओलावा मधून टोकांकडे सरकत होता. घाबरून तिथे सोडू नका. रात्रभर मंद तापवल्यावर काटा चढत जाऊन शंभर मेगओहमच्या पलीकडे स्थिरावला. मग टोकांना उष्णता सोसणारं सिलिकॉन सील लावलं. आता आरसीसीबी शांत आहे.

वायरिंगबद्दल गंभीरपणे एक सांगते. त्या काळच्या रेंजमधल्या राखाडी, कापसासारख्या दिसणाऱ्या वेष्टणाच्या तारांत ॲस्बेस्टॉस असतो असंच धरून चाला. कोरडा ब्रश नको, ब्लोअर तर मुळीच नको. मी साबणाचं पाणी फवारून तारा ओल्या असतानाच कापल्या, पी१०० फिल्टरचा मास्क लावून, आणि दुहेरी पिशवीत बंद केल्या. नव्या तारा फायबरग्लास वेष्टणाच्या आहेत, मूळच्या रंगखुणांप्रमाणेच, आणि तारांच्या टोकांचे लग निकेलचे. साधे कथिल चढवलेले लग कॉइलच्या जवळ टिकत नाहीत.

आता घड्याळ, जे मला सर्वात लाडकं आहे. मोटर टेलिक्रॉन या अमेरिकन घड्याळ कंपनीची. हेन्री वॉरेन या अमेरिकन संशोधकाने वीजपुरवठ्याच्या लयीवर, म्हणजे वारंवारतेवर, चालणारी ही घड्याळं आणली, आणि ती बरोबर चालावीत म्हणून १९१६ साली बॉस्टन एडिसनच्या वीजकेंद्रात लय तपासणारं मास्टर घड्याळही बसवलं. तिकडची लय ६० हर्ट्झ, आपली ५०. त्यामुळे हे घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. ओव्हन आपोआप बंद होण्याची वेळही याच काट्यांवर असल्याने अर्ध्या तासाला लावलेला केक ३६ मिनिटं भाजला जातो.

बरेच जण इथे क्वार्ट्झचं मशीन बसवून मोकळे होतात. दिसायला चालतं, पण टायमर कायमचा मरतो. मी घड्याळालाच ६० हर्ट्झ दिले. क्रिस्टलवर चालणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर, त्यातून साइन लहर, मग लहानसा ऑडिओ ॲम्प्लिफायर, आणि त्यापुढे १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलेला. त्याच्या १२ च्या बाजूला साधारण ६ व्होल्ट दिले की पलीकडे ११५ च्या आसपास मिळतात. मोटर दोन-तीन वॉटच खाते, त्यामुळे सगळा संच साबणाच्या वडीएवढ्या डबीत मावला. रोटरची तांब्याची सीलबंद डबी आतलं तेल आटल्यामुळे घरघरत होती. ती हेअर ड्रायरने गरम करून, लगेच पातळ तेलात बुडवून थंड होऊ दिली. थंड होताना ती शाफ्टच्या बाजूने तेल आत ओढून घेते. आता लाल सेकंदकाटा न अडखळता फिरतो, आणि टायमरच्या ठरल्या वेळी ओव्हन "टक्" करून बंद होतो.

थर्मोस्टॅट फुगा आणि केशनळीचा, तबकडी फॅरनहाइटची. तपासायला के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) वापरला. त्याची खात्री करताना उकळत्या पाण्यात १०० ची अपेक्षा धरू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस. माझा ओव्हन त्यापेक्षा बराच गरम जात होता. बटणाच्या मागच्या दोन स्क्रूंनी तबकडी सरकवून तो जागेवर आणला.

बाहेरच्या अंगाचं थोडक्यात. इनॅमल म्हणजे पत्र्यावर ८०० अंशांच्या वर भाजलेली काच, त्यामुळे नुसत्या धुण्याच्या सोड्यानेच ती लख्ख झाली. लिंबू-व्हिनेगर टाळा, काचेची चमक जाते. कोपऱ्यातल्या दोन टवक्यांना थंड भागात म्हणून इपॉक्सी चाललं. शेगडीभोवतीच्या कड्या अंबडच्या एका प्लेटिंगवाल्याकडे आहेत, आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम अशा क्रमाने. पॅनलवरची अक्षरपट्टी मात्र पाठवली नाही. ती जस्ताच्या ओतकामाची आहे, जुनं क्रोम उतरवायच्या आम्लात ती खाल्ली जाते. मऊ फडक्याने पुसून, डागांसकट आहे तशी ठेवली.

आणि परीक्षा? सासूबाईंनी घेतली. भांडी बाजारातून सपाट बुडाचं, ताजी कल्हई केलेलं पितळी पातेलं आणलं. कॉइलवर बूड टेकलं नाही तर सगळा हिशेब फुकट. त्यात साठवलेलं लोणी टाकून आधी "मीडियम", ताक आटल्यावर "लो". त्यांनी सवयीने तिथेच पाट मांडला, मग मधेच उठून गेल्या, परत आल्या, आणि झाऱ्याने तळ ढवळून पाहिला. बेरी बदामी, कुठेही काळी नाही. विड्याचं पान टाकलं, ते चुरचुरून शांत झालं. "याला राखण लागत नाही गं," एवढं म्हणाल्या आणि तूप गाळायला घेतलं. २५० वॉट अखंड मिळतात म्हणजे काय, ते त्या पातेल्यात दिसलं.

राहिलेलं काम: उजव्या पुढच्या शेगडीच्या बटणसंचातला "वॉर्म"चा संपर्क झिजला आहे. मूळचा चांदीच्या टोकाचा. सराफ बाजारातल्या एका कारागिराने तेवढा ठिपका डाख देऊन बसवायची तयारी दाखवली आहे, पण शुद्ध चांदी घ्यावी की थोडं तांबं मिसळलेली, यावर माझं अजून ठरत नाही. शुद्ध चांदी मऊ, तांब्याची कडक पण काळवंडते. कुणी असे संपर्क केले असतील तर कुठली चांदी घेतली आणि ती किती टिकली, ते जरूर कळवा. ओव्हनच्या दाराची डावी स्प्रिंगही सैल आहे. ती सातपूरला नमुना देऊन वळवून घेणार आहे.