आमची वाटचाल : नंबर पोर्टिंगपासून टूलच्या वर्णनापर्यंत

आमची फर्म तिघांची. सुरुवातीची वर्षं काम एकच होतं, व्यावसायिकांचे फोन नंबर एका टेलिकॉम कंपनीकडून दुसरीकडे पोर्ट करून देणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाटीवर, बिलांवर, जुन्या ग्राहकांच्या फोनमध्ये जो नंबर वर्षानुवर्षं आहे, तोच हातचा गेला तर धंदा अडतो. म्हणून खातेदाराचं नाव जुन्या कंपनीच्या नोंदीशी तंतोतंत जुळतं का, अधिकारपत्रावर सही आहे का, ताजं बिल जोडलंय का, हे स्वतः तपासूनच आम्ही ऑर्डर पुढे पाठवायचो. आणि प्रत्येकाला बजावायचो, पोर्टिंग पूर्ण होईपर्यंत जुनं कनेक्शन बंद करू नका. चालू नंबरच पोर्ट होतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरच्या यंत्रणांशी जोडण्याची एक सामायिक पद्धत, जाहीर झाला. पुढे आम्हीही आमची यंत्रणा एआय एजंटांसाठी, म्हणजे माणसाच्या सांगण्यावरून स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, खुली केली. ऑर्डर तयार करणं, वाचणं, बदलणं, कागद जोडणं, सबमिट करणं, रद्द करणं, डिलीट करणं, अशा प्रत्येक कामाला एकेक टूल, आणि कुठलं टूल कधी वापरायचं हे एजंटला कळावं म्हणून प्रत्येकाचं एक वर्णन. सगळी वर्णनं एका दुपारीत लिहून झाली. डिलीटच्या टूलखाली एवढंच होतं : ‘पोर्टिंग ऑर्डर डिलीट करते.’

एक दिवस एका ग्राहकाने एजंटला सांगितलं, ‘त्या ऑर्डरमधून रिसेप्शनचा नंबर काढून टाका.’ ऑर्डरमध्ये १८ नंबर होते. ‘काढून टाका’शी जुळणारं एकच टूल एजंटला सापडलं, आणि अख्खी ऑर्डर गेली. ऑर्डर ड्राफ्टमध्येच असल्यामुळे नंबरांना धक्का लागला नाही, ते जुन्या कंपनीकडे चालूच राहिले. गेले ते जोडलेले कागद, जुळवलेले पत्ते आणि ग्राहकाने प्रत्येक शाखेत जाऊन जमवलेल्या सह्या. ते सगळं पुन्हा करताना मला फार वाईट वाटलं. एजंटला दोष देता आला असता. पण आम्ही त्याला वाचायला दिलं होतं ते एवढंच. नवीन कर्मचारी अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंट आमच्या मजकुरावरच चालतो.

वर्णन दुरुस्त करताना पहिल्यांदा आम्ही ‘हे टूल काळजीपूर्वक वापरा’ असं लिहिलं. एजंटबरोबर ठरलेली संभाषणं चालवून केलेल्या तपासणीत काहीच फरक पडला नाही. काळजी म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. मग एकेक वाक्य कृतीचं लिहीत गेलो. हे टूल पूर्ण ऑर्डर, तिच्यातल्या सगळ्या नंबरांसह आणि कागदांसह, कायमची पुसतं. परत आणता येत नाही. एखादाच नंबर वगळायचा असेल तर ऑर्डरमध्ये बदल करण्याचं टूल वापरा. ऑर्डर ड्राफ्टमध्ये असेल तरच डिलीट होते. सबमिट झालेली ऑर्डर रद्द करावी लागते, ते टूल वेगळं आहे. आधी ऑर्डर वाचा, त्यात किती नंबर आहेत ते माणसाला सांगा, स्पष्ट होकार मिळाल्यावरच पुढे जा.

इनपुटचं, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचं, वर्णनही तितकंच महत्त्वाचं निघालं. आधी तिथे नुसतं ‘आयडी’ होतं, आणि एजंट कधी कधी फोन नंबरच भरायचा. आता लिहिलंय की हा ऑर्डरचा ३६ अक्षरांचा आयडी आहे, फोन नंबर चालणार नाही, आणि आयडी ठाऊक नसेल तर अंदाज न बांधता यादीतून शोधा. टूल दुसऱ्यांदा चालवल्यावर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हा एरर कोड, आला तर ऑर्डर आधीच गेलेली असू शकते. तिच्याऐवजी जवळची दुसरी ऑर्डर निवडू नका. हे शेवटचं वाक्य तपासणीतल्या एका प्रसंगानंतर घातलं. तो प्रसंग आठवला की अजूनही पोटात गोळा येतो.

प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलवर खुणा लावायची सोय आली : हे टूल फक्त वाचतं, हे विध्वंसक आहे, हे पुन्हा चालवलं तरी आणखी परिणाम होत नाही. नुसतं वाचणारं नसलेल्या टूलवर विध्वंसकतेची खूण दिलीच नाही, तर ते विध्वंसक धरायचं, हा तिथला संकेत मला मनापासून पटतो. तरीही आम्ही प्रत्येक खूण स्पष्ट लिहितो. पण खुणा या सूचनाच, कुलूप नव्हेत. म्हणून ऑर्डर ड्राफ्टमध्ये आहे की नाही हे आमचा सर्व्हर स्वतः तपासतो, आणि नकार देतानाही ‘ही सबमिट झाली आहे, रद्द करण्याचं टूल वापरा’ असं पूर्ण वाक्य परत पाठवतो. त्याआधी नुसता एरर कोड जायचा आणि एजंट तेच टूल पुन्हा पुन्हा चालवत बसायचा.

हळूहळू ओळखीच्या फर्म त्यांच्या टूलची वर्णनं आमच्याकडे वाचायला पाठवू लागल्या. पोर्टिंग अजून चालूच आहे, पण आठवड्यातले दोन दिवस आता या लेखनाचे. वर्णनातला एक शब्द बदलला तरी ठरलेली सगळी संभाषणं पुन्हा चालवून पाहतो. रिसेप्शनच्या नंबरचं संभाषण त्यात पहिलं आहे. एजंट ऑर्डर वाचतो, १८ नंबर असल्याचं सांगतो आणि विचारतो, ‘फक्त रिसेप्शनचा नंबर वगळू, की पूर्ण ऑर्डर पुसायची आहे?’